कॅल्क्युलेटरवर दोनच बटणं, आणि गणितात पाया पाचचा

वाचकाचं पत्र

"मॅडम, माझं वय ४३. बारावी सायन्स होऊन पंचवीसेक वर्षं झाली, त्यानंतर घर आणि किराणा दुकान. यंदा बीसीएच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आहे. गणितात 'पाया २ घेऊन १००० चा लॉग काढा', 'पाया ५ घेऊन ३ चा लॉग काढा' अशी उदाहरणं आहेत. माझ्याकडे मुलाचा जुना कॅसिओ एफएक्स-८२ एमएस आहे. त्यावर लॉग आणि एलएन अशी दोनच बटणं. पाया कुठे घालायचा तेच कळत नाही. लॉग दाबून ५ आणि ३ दाबलं तर १.७२४३ आलं, पुस्तकामागे उत्तर ०.६८२६ आहे. मुलगा म्हणतो, यात होत नाही, नवा घे. वर्गातली पोरं अठरा-एकोणीसची, त्यांना विचारायची लाज वाटते. आमच्या वेळी लॉग टेबल होतं, तेव्हा मला हे सगळं यायचं. आता का येत नाही?"
— एक वाचक, बार्शी

ताई,

नवा कॅल्क्युलेटर घेऊ नका. तुमच्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर कुठल्याही पायाचा लॉग निघतो आणि त्यासाठी फक्त एक भागाकार करावा लागतो. लॉग म्हणजे पायाचा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते, तो आकडा. ज्या संख्येचा लॉग हवा आहे तिचा लॉग घ्या, त्याला पायाच्या लॉगने भागा. तुमचं उदाहरण असं दाबायचं: लॉग ३ ÷ लॉग ५ =. स्क्रीनवर ०.६८२६ येईल. १००० आणि २ चं उदाहरण तसंच: लॉग १००० ÷ लॉग २ =, उत्तर ९.९६५८.

कोण वर आणि कोण खाली, हा गोंधळ सुरुवातीला सगळ्यांचाच होतो. वहीत लॉग लिहिताना पाया बारीक आकड्यात खाली लिहितात ना? भागाकारातही तो खालीच जातो, छेदात. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं तर उलटापालट होणार नाही.

तुम्हाला १.७२४३ का मिळालं तेही सांगते. तुम्ही ५ आणि ३ लागोपाठ दाबलेत, म्हणून यंत्राने ते ५३ असं वाचलं आणि ५३ चा लॉग दिला, तोही १० च्या पायावर, कारण त्या बटणाचा पाया कायमचा १० आहे. शेजारच्या एलएनचा पाया ई, म्हणजे २.७१८२८ च्या आसपासची संख्या. हे दोन पाया बटणांतच बसवलेले आहेत, त्यामुळे तिसरा पाया घालायला जागाच नाही.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तेव्हा येत होतं, आता का येत नाही? बारावीत फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्या टेबलाचं काम एकच, मोठाले गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीवर आणायचे. त्यासाठी पाया १० पुरतो, आणि तो इतका गृहीत धरलेला असतो की कुणी त्याचं नावही काढत नाही. म्हणजे तुम्ही काही विसरलेला नाहीत. आत्ता पडलेला हा प्रश्न ते टेबल वापरताना कधी समोरच आला नव्हता.

पण एक जागा अशी होती की तिथे तुम्ही पाया बदलत होतात. केमिस्ट्रीतली फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनची सूत्रं आठवा. त्यांत २.३०३ हा आकडा सारखा यायचा. आपण तो पाठ केला, दरवेळी इमानाने गुणला, आणि तो कुठून आला हे क्वचितच कुणी सांगितलं. तो आकडा म्हणजे ई च्या पायावर १० चा लॉग. मूळ सूत्र ई च्या पायावर तयार होतं, हातात टेबल मात्र १० च्या पायाचं, म्हणून मध्ये २.३०३ ने गुणायचं. कॅल्क्युलेटरवर एलएन १० दाबून बघा, २.३०२६ दिसेल. तेच तीन दशांशांपर्यंत २.३०३. तुमच्या पुस्तकात 'पाया बदलण्याचं सूत्र' म्हणून जे दिलं असेल ते हेच आहे. बारावीत ते एका ठराविक आकड्याच्या रूपात भेटलं, आता मोकळं भेटतंय.

सूत्र का चालतं तेही एकदा बघून घ्या, म्हणजे पाठ करायची वेळ येणार नाही. ५ च्या पायावर ३ चा लॉग म्हणजे काय विचारलंय? ५ चा कितवा घात घेतला की ३ मिळतात. त्या 'कितव्या'ला क्ष म्हणा. ५ चा क्ष वा घात बरोबर ३. दोन्ही बाजूंचा लॉग घ्या. लॉगच्या नियमाने घातांक खाली उतरतो, म्हणून क्ष गुणिले लॉग ५ बरोबर लॉग ३. क्ष एकटा ठेवायचा तर लॉग ५ पलीकडे भागाकारात जातो. संपलं. या चार ओळी पेपरात उत्तराच्या वर लिहाव्यात असा माझा आग्रह आहे. नुसतं दशांश उत्तर लिहून टाकणं मला पटत नाही, आणि चुकीचं बटण दाबलं गेलं तरी रीत बरोबर होती हे तपासणाऱ्याला दिसतं.

यात लॉग घ्या की एलएन, उत्तर एकच. एलएन ३ ÷ एलएन ५ केलंत तरी ०.६८२६ च येईल. नऊवारी साडी सहावारीच्या किती पट लांब, हे वाराने मोजा नाहीतर मीटरने, दीडपटच निघणार. फक्त दोन्ही साड्या एकाच मापाने मोजायला हव्यात. वर लॉग आणि खाली एलएन घातलंत की बिघडलं. लॉग १००० ÷ एलएन २ याचं उत्तर ४.३२८१ येतं. यंत्र काही कुरकुर करत नाही, निमूटपणे चुकीचं उत्तर देतं.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे ते बटण दाबायच्या आधीचं. आधी अंदाज बांधा. २ चे घात तुम्हाला तोंडपाठ असतील: नववा ५१२, दहावा १०२४. १००० या दोघांच्या मध्ये, १०२४ ला अगदी चिकटून. म्हणजे उत्तर नऊ आणि दहाच्या मध्ये, दहाच्या जवळ. आता ४.३२८१ दिसलं तर तुम्ही क्षणभरही फसणार नाही. ५ आणि ३ च्या उदाहरणात ५ चा शून्यावा घात १, पहिला घात ५, आणि ३ मध्ये. उत्तर शून्य आणि एकच्या मध्ये हवं. चुकून लॉग ५ ÷ लॉग ३ केलं तर १.४६५० येतं, ते एकच्या वर गेलं म्हणजे अंश-छेद उलटे झाले. हा अंदाज पेन न उचलता करता येतो. हे ज्याला जमलं त्याला लॉग समजला, असं मी माझ्यापुरतं मानते.

तरी एक चूक अशी आहे की ती अंदाजालाही चुकवून निसटते. तुमच्या एमएस मॉडेलवर लॉग दाबलं की नुसतं लॉग उमटतं. मुलाने आणलाच नवा ईएस मॉडेलचा कॅल्क्युलेटर, तर त्यावर लॉग दाबताच उघडा कंस आपोआप येतो. तुम्ही सवयीने लॉग ३ ÷ लॉग ५ = दाबलंत आणि ३ नंतर कंस बंद केला नाही, तर यंत्र सगळा भागाकारच पहिल्या लॉगच्या पोटात घेतं. म्हणजे '३ भागिले लॉग ५' जे येईल त्याचा लॉग. उत्तर येतं ०.६३२७. बघा कसं आहे ते: शून्य आणि एकच्या मध्येच, खऱ्या उत्तराच्या शेजारी, दिसायला सोज्वळ. कॉलेजची मुलं इथे हमखास मार्क घालवतात आणि शेवटपर्यंत त्यांना चूक सापडत नाही. फोनवरच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरांतही कंस असाच आपोआप उघडतो.

यावर उपाय ताळ्याचा. उत्तर आल्यावर ५ दाबा, घाताचं बटण दाबा (तुमच्या यंत्रावर वर टोक असलेली खूण), मग आन्स हे बटण (आधीचं उत्तर परत आणणारं) दाबा आणि बरोबरचं चिन्ह. ३ परत आले पाहिजेत. ०.६३२७ घेऊन हेच केलंत तर २.७७ च्या आसपास येतं आणि चूक उघडी पडते. आन्सच वापरा, उत्तर बघून पुन्हा टाइप करू नका. यंत्राच्या पोटात स्क्रीनवर दिसतात त्याहून जास्त दशांश असतात, ते टाइप करताना गळतात.

दशांश गळण्याचं म्हटलं तर तुमच्या दुकानाच्या आणि बँकेच्या कामाचं एक उदाहरण घेते. सात टक्क्यांनी वर्षाला चक्रवाढ होत असेल तर पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील? हा लॉगचाच प्रश्न आहे: १.०७ चा कितवा घात २ होतो. पाया १.०७! असा पाया पुस्तकात क्वचित दिसतो, व्यवहारात मात्र रोज असतो. लॉग २ ÷ लॉग १.०७ = करा, १०.२४४८ येईल. पडताळा घ्या: एक लाखाचे दहा वर्षांनी १,९६,७१५ आणि अकरा वर्षांनी २,१०,४८५ होतात, म्हणजे उत्तर दहा आणि अकराच्या मध्येच हवं. आता लॉग १.०७ वेगळा काढून कागदावर उतरवलात तर तो आहे ०.०२९३८. 'तीन शतांश धरू' म्हणून ०.०३ लिहिलंत तर उत्तर १०.०३ होतं. ०.०२९ लिहिलंत तर १०.३८. छेदातला आकडा इतका छोटा असतो की त्याचं किंचित खरडणंसुद्धा उत्तराला महिन्यांनी पुढेमागे करतं. पाया १ च्या जितका जवळ, तितकं हे जास्त. अशा वेळी सबंध भागाकार एका दमात यंत्रावरच करायचा, मध्ये कागद आणायचा नाही.

आपल्याकडे बँका मुदत ठेवीवर व्याज बहुधा तिमाहीला चढवतात. मग सात टक्क्यांचे दर तिमाहीला १.७५ टक्के, आणि पाया होतो १.०१७५. लॉग २ ÷ लॉग १.०१७५ केलं की ३९.९५ तिमाह्या येतात, म्हणजे दहा वर्षांना अगदी थोडं कमी. वर्षाच्या चक्रवाढीपेक्षा तीन महिने आधी दुप्पट. हा हिशेब तुम्हाला बीसीएच्या बाहेरही उपयोगी पडेल.

पाया १ पेक्षा लहान असला तर घाबरू नका. दुकानाच्या टेम्पोवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरला तर किंमत दर वर्षी ०.८५ पट होते. ती निम्मी व्हायला किती वर्षं? लॉग ०.५ ÷ लॉग ०.८५ =, उत्तर ४.२६५०. दोन्ही लॉग ऋण येतात, ऋणाला ऋणाने भागून धन. मात्र इथे लॉग टेबलवाल्यांनी सांभाळायचं. टेबलातून ०.८५ चा लॉग काढताना आपण 'बार एक पॉइंट ९२९४' लिहीत होतो. त्यात बार, म्हणजे उणेची आडवी रेघ, फक्त एकवर असतो, मागचा ०.९२९४ धन असतो. दोन्ही मिळून उणे ०.०७०६. कॅल्क्युलेटर थेट -०.०७०६ दाखवतो, बार वगैरे काही नाही. वहीत जुन्या सवयीने बार लिहून त्याला उणे १.९२९४ समजून भागलंत तर सगळंच वाहून जाईल. टेबलाची बाकी शिस्त जपा, बार तेवढा सोडून द्या.

पाया म्हणून १ घातलात तर मॅथ एरर येईल, कारण १ चा लॉग शून्य आणि शून्याने भागता येत नाही. अर्थही तोच: १ चा कुठलाही घात घ्या, १ च राहतो. शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग मागितलात तरी एररच.

टेबल तुम्ही इतक्या प्रेमाने आठवलंत म्हणून थोडं त्याबद्दल. लॉगॅरिदमची पहिली कोष्टकं स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली छापली. त्यांचा पाया आपल्या ओळखीचा दहा नव्हता. लंडनचा गणिताचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज पुढच्याच वर्षी एडिंबराला जाऊन त्याला भेटला आणि १० धरून कोष्टकं करणं सोयीचं, यावर दोघांचं एकमत झालं. ब्रिग्जने १६१७ मध्ये १ ते १००० या संख्यांचे लॉग चौदा दशांशांपर्यंत छापले, हाताने काढून. तुमच्या यंत्रावरच्या लॉग बटणातला १० त्या भेटीपासूनचा आहे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पाया हा आपण सोयीने निवडायचा असतो हे लॉगच्या जन्मापासून चालत आलं आहे.

तुमच्या अभ्यासक्रमात २ हा पाया सगळ्यात जास्त येईल, म्हणून त्याच्याशी मैत्री करा. क्रमाने लावलेल्या १००० नावांत एक नाव शोधायचं आहे. दर वेळी मधलं नाव बघून अर्धी यादी सोडून द्यायची. जास्तीत जास्त दहा वेळा बघावं लागतं. दहा लाख नावांची मतदारयादी असली तरी वीस. आता लॉग १०००००० ÷ लॉग २ दाबा, १९.९३ येईल. ही पद्धत बायनरी सर्च म्हणून शिकवतील तेव्हा तुम्हाला हा आकडा आधीच भेटलेला असेल.

प्रोग्रॅमिंग सुरू झालं की आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. सी भाषेत नुसतं लॉग लिहिलं की पाया ई धरला जातो, कॅल्क्युलेटरसारखा १० नव्हे. ३ चा लॉग इथे ०.४७७१ आणि तिथे १.०९८६. तुम्ही भागाकाराने पाया बदलत असाल तर याने काही बिघडत नाही, कारण वर-खाली दोन्हीकडे एकच पाया येतो. एक्सेलमध्ये लॉगच्या कंसात पाया देता येतो, पण आधी संख्या आणि मग पाया: ३, मग ५. कॅसिओच्या ईएस मॉडेलांवर लॉगच्या कंसात स्वल्पविराम देऊन लिहिलं तर नेमकं उलट, आधी पाया ५ आणि मग ३. मुलगा ज्या नव्या कॅल्क्युलेटरबद्दल म्हणतोय त्यावर खाली-वर दोन रिकाम्या चौकटींचं स्वतंत्र बटण असतं, उदाहरणार्थ एफएक्स-९९१ ईएसवर. सोय चांगली आहे. पण चौकटी उलट भरल्या गेल्या तरी उत्तर येतंच, आणि ते ओळखायला शेवटी अंदाजच लागतो. शिवाय कुठलं मॉडेल परीक्षेला चालतं हे आधी कॉलेजात विचारून घ्या. साधा नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक बहुतेक ठिकाणी चालतो, आणि तो तुमच्याकडे आहेच.

लाजेचं लिहिलंत म्हणून सांगते. त्या अठरा वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी टेबल फक्त बारावीच्या पेपरापुरतं हाताळलेलं असतं आणि कंसाच्या चुकीत ती पहिली अडकतात. तुम्ही पुस्तकातलं उत्तर आणि स्क्रीनवरचं उत्तर शेजारी ठेवून 'हे जुळत नाही' असं लिहून पाठवलंत. गणित शिकवणाऱ्याला याहून चांगली विद्यार्थिनी कुठे मिळते? वर्गात हात वर करून हाच प्रश्न विचारा. शिक्षकांना 'माझं १.७२४३ येतंय' असं आकड्यासकट सांगितलंत तर चूक कुठे झाली ते त्यांना लगेच दिसेल. आणि मुलालाही एकदा जवळ बसवून लॉग ३ ÷ लॉग ५ दाबून दाखवा.

आज रात्री दुकान बंद केल्यावर ही तीन करून बघा. ७ च्या पायावर ५० चा लॉग: ४९ जवळ आहे, म्हणून दोनच्या किंचित वर, २.०१०४. १.५ च्या पायावर १० चा लॉग: ५.६७८९. आणि ३ च्या पायावर ०.२ चा लॉग. हा ऋण येईल, -१.४६५०. वर अंश-छेद उलटल्यावर आलेलाच आकडा इथे उणे होऊन आला आहे. तो का आला हे शोधून काढा आणि मला कळवा, ०.२ म्हणजे एक पंचमांश, इथून सुरुवात करा.